भावी डॉक्टरचा फ्लेक्स

मी कोकरांच्या छपरावर बांधलेला फ्लेक्स बोलतोय. माझी पाठ उन्हात आणि तोंड खाली आहे. वरून बघाल तर मळकट पांढरा दिसेन. आत येऊन मान वर केलीत, की तांबडी अक्षरं दिसतील: 'भावी डॉक्टर कु. समीक्षा हिचे हार्दिक अभिनंदन.'

जन्म माझा सांगलीचा. मशीनमधून बाहेर पडलो तेव्हा अंगाला ओल्या शाईचा वास होता. समीक्षाच्या चुलत्यानं, धुळानं, मला गुंडाळून मोटारसायकलवर आडवं टाकलं आणि कवठे महांकाळच्या पुढं आपल्या गावी आणलं. धुळा भलताच हौशी. कुणाच्या बैलानं शर्यत मारली तरी फ्लेक्स, कुणाला मुलगा झाला तरी फ्लेक्स. इथं तर सख्खी पुतणी होती. सांगलीच्या एका क्लासनं दहावी झालेल्या पोरांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती. आकृत्या जुळवायच्या, आकड्यांच्या ओळी पुऱ्या करायच्या. मेंढरांमागं वाढलेली ही पोर त्यात पहिली आली. क्लासच्या सरांनी तिच्या बापाला, सिद्धूला, समोर बसवून सांगितलं, की एवढी बुद्धी असल्यावर ही डॉक्टर झाल्यातच जमा आहे. धुळानं तेवढं ऐकलं आणि छापून मोकळा झाला. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, ती 'नीट', अजून दोन वर्षं लांब होती आणि समीक्षा त्याच क्लासला आत्ता कुठं जाऊ लागली होती.

मला एस.टी. थांब्यासमोर टांगलं. मधोमध समीक्षाचा मोठा फोटो, कोपऱ्यात फेटा बांधलेला सिद्धू, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात धुळा गॉगल लावून. खरं सांगतो, माझीही छाती फुगली होती. वारा आला की मी मुद्दाम जास्त फडफडायचो.

या गावात अभिनंदनाचा फ्लेक्स कुणी आपणहून उतरवत नाही. अपशकुन मानतात. वाऱ्यानं फाटला तरच खाली यायचा. त्यामुळं बारावी झाली, 'नीट'ची परीक्षा झाली, निकालात समीक्षाला कॉलेज मिळण्याजोगे मार्क पडले नाहीत, तरी मी आपला तिथंच. लोक तिला 'डॉक्टर' म्हणत राहिले, कुणी मायेनं, कुणी चिमटा काढायला. रंगूबाई म्हातारीनं तर तिला माझ्या सावलीत अडवलं आणि गुडघा उघडा करून म्हणाली, "आगं डाक्टरीणबाई, ह्याला कायतरी सांग की." म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं.  त्यानंतर समीक्षा सांगलीहून आली की एक थांबा आधीच उतरायची आणि बांधाबांधानं घरी जायची.

दुसऱ्या वर्षी मार्क आणखी घसरले. त्याच गावची, त्याच क्लासची रेश्मा मात्र पास झाली. चाचणीत तिचं नाव वरच्या पोरांत कुठंही नव्हतं. त्याच दिवसांत वादळात माझा कोपरा फाटला. सिद्धूनं मला सोडवून घरी आणलं आणि इथं कोकरांवर बांधलं, तोंड खाली करून. मला वाटलं, बापाला माझी लाज वाटली. समीक्षालाही तेच वाटलं.

एका दुपारी रेश्मा तिला भेटायला आली. दोघी माझ्याखाली बसल्या, कोकरं त्यांच्या ओढण्या चघळत होती. तुला कसं जमलं, असं समीक्षानं विचारलं. रेश्मा म्हणाली, तेच तेच पेपर हात दुखेपर्यंत सोडवले, आणि न येणारा प्रश्न आला की सरळ पुढं गेले. "तू सोडत न्हाईस गं," ती म्हणाली. खरंच होतं. समीक्षा अवघड प्रश्नापाशी ठाण मांडून बसायची. तो सुटायचाही. पण तोवर सोप्या प्रश्नांची वेळ संपायची, मग घाईत उत्तरांचे गोळे काळे करायचे आणि चुकलं की मार्क कापले जायचे.

समीक्षानं वर माझ्याकडं बोट केलं. "सोडाय लागले की ह्यो दिसतो. वाटतं, भावी डॉक्टरला एवढं बी येत न्हाई?"

त्या क्षणी मला फाटून जावंसं वाटलं. चाचणी खोटी नव्हती हो. पोर हुशारच आहे. पण सोडून द्यायला लागणारं धाडस आणि तेच तेच घोटायचा चिवटपणा त्या चाचणीत कुणी मोजला होता? जे मोजलं, तेवढ्यावर मला छापलं.

रेश्मा गेल्यावर समीक्षा एका कोकराच्या मानेत तोंड खुपसून रडली. मी नसते तर आबांना गावात तोंड लपवावं लागलं नसतं, असं ती त्या मुक्या जनावराला सांगत होती. मी घाबरलो. हाक मारावी तर मला गळा नाही.

तेवढ्यात सिद्धू बाभळीचा पाला घेऊन आत आला. तिनं डोळे पुसले आणि किती दिवस अडलेलं एकदाचं बोलली.

"आबा, मला परत न्हाई बसायचं. मला ती परीक्षा जमत न्हाई."

"तू हुशार हाईस," सिद्धू म्हणाला. "सरांनीच सांगितलंय न्हवं?"

"हुशार हाय. पर जमत न्हाई. दोन्ही खरं हाय, आबा."

सिद्धू कोकरांपुढं पाला टाकत राहिला. मग त्यानं माझ्यावरच्या तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "लाज वाटली म्हणून उलटा बांधलाय व्हय ह्यो? उनानं तुझा फोटू उडू नये म्हणून बांधलाय. औंदा न्हाई तर पुढल्या साली लावू."

असं म्हणून त्यानं माझ्या कोपऱ्याची गाठ आणखी घट्ट केली. त्याच्या आवाजात इतकी माया होती, की समीक्षानं परत परीक्षेला बसायला मान डोलावली.

आज सकाळी ती तिसऱ्यांदा परीक्षेची तयारी करायला सांगलीच्या गाडीत बसली. तिची आई सुलाबाई तिला थांब्यावर सोडून आली आणि आल्यापासून इथं खाली बसून आहे. मधूनच वर बघते. लेकीचा चेहरा अजून जसाच्या तसा ताजा आहे, आणि तेच माझं दुःख आहे.

सुलाबाई, तुम्हाला ऐकू जात असेल तर एवढं करा. गाठी सोडा आणि मला उताणा घाला. माझं तोंड उन्हाकडं करा. इकडचं ऊन कडक आहे, दोन उन्हाळ्यांत सगळी अक्षरं उडवेल. तोवर पोर सुखरूप घरी यायला हवी.