पिवळी चकती

ओट्यावर लोकरीचे पाच चौकोन होते: पिवळा, निळा, राणी, पांढरा, हिरवा. प्रत्येक दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद. प्रत्येकात पंधरा खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, आठ ओळी. मेघाने दोनदा मोजलं. एकही खांब कमी-जास्त नव्हता. तिच्या मोठ्या जावेने, मायाने, ते टीव्ही बघता बघता क्रोशाच्या सुईने विणले होते.

गॅसवर पाणी तापत होतं. खऱ्या लोकरीचं विणकाम गरम साबणपाण्यात घुसळलं की धाग्यांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात. वीण आटते, टाके दिसेनासे होतात आणि जाड, घट्ट कापड तयार होतं. याला फेल्टिंग म्हणतात, हे मायाने मोबाइलवर पाहिलं होतं. खवल्यांचं मेघाला ठाऊक होतं. ती केमिस्ट्रीत एमएस्सी होती.

हे सगळं दिपाली मॅडममुळे सुरू झालं. प्रताप नगरात त्यांचं घरसजावटीचं दुकान होतं. मनीषनगरच्या या इमारतीत कुणाच्या तरी दारावर मायाचं तोरण पाहून त्या विचारत विचारत वर आल्या होत्या. दुकानाच्या माडीवर त्यांना क्लास काढायचा होता आणि शिकवायला बाई हवी होती.

"क्रोशा तुमचा मस्तच आहे," त्या म्हणाल्या, "पण आजकाल सगळ्यांना फेल्टिंग पाहिजे. एक गालिचा विणा आणि माझ्यासमोर आटवून दाखवा. जमलं तर क्लास तुमचा, माया मॅडम."

दहावी झाल्यावर लगेच लग्न होऊन या घरात आलेल्या मायाला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"आणि तुम्ही काय करता?" दिपाली मॅडमनी मेघाला विचारलं.

मेघा तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई, तुळसाबाई, म्हणाल्या, "ते शिकलेली हाय. शिकून शिकून दमली, म्हून आराम करून राहिली."

दिपाली मॅडम हसल्या. माया पण हसली, तोंडाला पदर लावून.

लोकर इतवारीच्या बाजारातून आली. चार रंग एका गठ्ठ्यातले होते. पिवळा त्यात नव्हता, तो दुकानदाराने दुसऱ्या खोक्यातून काढून दिला होता. मायाने पाची रंगांचे नमुने विणले आणि मेघाकडे दिले. "तू तपासून सांग वं. तुले समजते त्यातलं. मले तं नुसतं विणता येते."

मेघाने चौकोन साबणपाण्यात टाकले, घासले, पिळले, खिडकीत वाळवले आणि पट्टी लावली. निळा, राणी, पांढरा, हिरवा: चौघेही साडेसहा ते सात सेंटिमीटर. पिवळा दहाचा दहाच होता.

तिने पिवळ्याचा एक धागा उपसून गॅसवर धरला. लोकर जळाली की केस जळल्यासारखा वास येतो. हा धागा वितळला आणि टोकाशी काळा, टणक मणी झाला. अॅक्रिलिक. त्याला खवलेच नसतात. तो कितीही उकळला तरी आटणार नव्हता.

बाल्कनीतून मायाने विचारलं, "आटले का वं सगळे?"

"हो, ताई."

"पिवळा बी?"

मेघाने उरलेला पिवळा चौकोन चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. "पिवळा पण. सगळे सारखे, एक तृतीयांशाने."

माया आत आली. चार घट्ट तुकडे तिने गालाला लावून पाहिले. "आणि पिवळा कुठी हाय?"

"धागा अस्सल आहे का, ते जाळूनच कळतं. जाळला."

"पुरा जाळला? एवढे माझे खांब!" माया हसली. "जाऊ दे. तू हायस म्हून बरं हाय, नाही तं मी कोणाले विचारलं असतं?"

त्या दुपारी माया गोल गालिच्याचा आराखडा घेऊन बसली. पिवळा कडेला घ्यावा की मध्ये, हे तिचं ठरत नव्हतं. मेघाने मनातल्या मनात हिशेब केला. पिवळा कडेला राहिला तर आतलं आटून बाहेर झालर पडेल, आणि झालर कुणाला मुद्दाम केलेली नक्षीही वाटू शकते. मध्ये राहिला तर भोवतीचं वर्तुळ त्याला आवळत जाईल, आणि त्याला वर उठण्याशिवाय जागा राहणार नाही. किती वर उठेल, ते मात्र विणीवर होतं. ते करूनच पाहावं लागलं असतं.

"मध्ये घ्या," ती म्हणाली. "उठून दिसेल."

थंडीभर माया गच्चीवरच्या उन्हात बसून विणत राहिली. चाळीस सेंटिमीटरची पिवळी चकती, भोवती निळा, मग राणी, पांढरा, हिरवा. अंगठा सुजला की ती त्याला आयोडेक्स लावायची आणि पुन्हा सुई धरायची. एखादी फेरी चुकली तर पूर्ण उसवून परत घालायची. एकदा मेघा वाळवण आणायला वर गेली तेव्हा माया म्हणाली, "क्लास मिळाला ना, का पयले तुलेच शिकवीन. घरात बसून डोकं खराब होते मानसाचं. मले मालूम हाय."

मेघाने वाळवणाची चादर झटकली. "आधी गालिचा तर होऊ द्या."

गालिचा पुरा झाल्यावरच्या रविवारी सकाळी दिपाली मॅडम आल्या. मायाने ठेवणीतली साडी नेसली होती आणि कपडे धुण्याचं मशीन बाल्कनीच्या दारात ओढून ठेवलं होतं. गालिचा तिने आधी सगळ्यांसमोर फरशीवर पसरला. एकशे आठ सेंटिमीटर, सपाट, एकही सुरकुती नाही.

"अगं बाई," दिपाली मॅडम म्हणाल्या आणि फोटो काढला.

गिझरचं पाणी, साबणाचा चुरा. मशीन फिरायला लागलं. वर्गात सांगावं तसं माया सांगत होती, "आता ह्यातला धागा धाग्याले धरून राहिला. गरम पान्यात टाका हालला, का तो मांगं येत नाही." हे वाक्य तिने गच्चीवर पाठ केलेलं मेघाने ऐकलं होतं.

मशीन थांबलं. मायाने गालिचा काढून पिळला, फरशीवर टाकला आणि कडा ओढून नीट केल्या. हिरवा, पांढरा, राणी, निळा गुळगुळीत होऊन बसले होते. मध्ये पिवळी चकती उभी होती.

मायाने तळव्याने ती दाबली. हात काढला तशी ती वर आली. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी, गुडघा टेकवून दाबली. पुन्हा वर आली.

"हे काय केलं वं?" तुळसाबाई म्हणाल्या. "गालिचा हाय का उपडी कढई? पाय कुठी ठेवा मानसानं?"

दिपाली मॅडमनी हसू आवरलं. "असं का झालं पण?"

माया मेघाकडे वळली. साबणाचं पाणी तिच्या कोपरांवरून साडीवर गळत होतं. "तू तं म्हणे सगळे सारखे आटतात."

"धागा सारखाच आहे, ताई," मेघा म्हणाली. "मधले टाके सैल पडले तुमचे."

"सैल?" माया म्हणाली. "माझे?" मग तिने खाली पाहिलं. "असन. अंगठा दुखे तवा."

दिपाली मॅडम उठल्या. दुपारी त्यांना आणखी एका बाईकडे जायचं होतं. "वाईट नका वाटून घेऊ, मायाताई, तोरण खरंच छान होतं," असं म्हणत त्यांनी चपला घातल्या. या वेळी त्या नुसतं "मायाताई" म्हणाल्या.

दार लागल्यावर माया फरशीवर बसली. तिने हिरव्या कडेचं टोक शोधलं आणि फेरी उसवण्यासाठी धागा ओढला. धागा निघाला नाही. तिने नखाने कोरलं, दाताने धरून ओढलं. फेरी उरलीच नव्हती.

"सोड आता," तुळसाबाई आतून ओरडल्या. "भाजी टाक. आन् ते सुया-लोकरीचं खोकं माळ्यावर घाल, घरभर पसारा नुसता."

माया उठली नाही. मेघा शिवणाच्या डब्यातली टेप आणि पट्टी घेऊन आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"ताई, हे टोक धरा जरा."

मायाने टोक धरलं. मेघाने टेप ताणली, वाचली, मग चकतीशेजारी पट्टी उभी धरून डोळा चकतीच्या माथ्याच्या पातळीला आणला.

व्यास बहात्तर सेंटिमीटर. मधली उंची तेरा.