मागच्या खोलीचा क्रमांक

महिनाअखेरीस हद्दी गोठणार होत्या. जनगणनेला अजून अवकाश होता. पण राज्य सरकारचा आदेश स्पष्ट होता. त्या तारखेनंतर कोणत्याही प्रभागाची सीमा हलवायची नाही आणि तोवर प्रत्येक पालिकेने घरांना क्रमांक देऊन याद्या बंद करायच्या. म्हणून प्रभाग कार्यालयाच्या सभागृहात चाळीस शिक्षक 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या शिकत बसले होते.

शिकवत होते हेडक्लार्क. ही त्यांची तिसरी जनगणना.

"रक्त बघायचं नाही, आडनाव बघायचं नाही," ते म्हणाले. "स्वयंपाक एक, तर कुटुंब एक. सासू-सुना वेगवेगळ्या रांधत असतील तर कुटुंबं दोन, क्रमांक दोन."

"मग आमच्या घराचा क्रमांक आठवड्यातून तीनदा बदलेल, साहेब!" मागून एक मास्तर म्हणाले. सगळे हसले, हेडक्लार्कही हसले.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या वाट्याला जो गट आला, त्यात हेडक्लार्कांचेच घर होते. रविवारी सकाळी त्या तिथे पोहोचल्या. हेडक्लार्कांच्या पत्नीने दारातच सांगितले, "पाच माणसं. लिहा."

नियमाप्रमाणे इमारतीला फेरी मारायची असते. बाई मागे गेल्या. पत्र्याच्या खोलीत एक पन्नाशीची स्त्री तांदूळ निवडत होती. शेजारी स्टोव्ह, दोन पातेली, अर्धी बादली पाणी. ती हेडक्लार्कांच्या थोरल्या भावाची विधवा.

"तुम्ही इथेच रांधता?"

"अकरा वर्षं झाली. हे गेले तेव्हापासून. पांढऱ्या पायाची म्हणतात मला. माझ्या हातचं घरात चालत नाही." तिने तक्रारीचा सूर लावला नाही, वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. "नळावर सगळ्यांचं भरून झालं की मी. तोवर धार करंगळीएवढी होते." मग तिने हळूच विचारले, "या खोलीला वेगळा नंबर पडला, तर नळाचा अर्ज करता येतो ना हो?"

"येतो," बाई म्हणाल्या आणि दारावर क्रमांक रंगवायला त्यांनी रंगाचा डबा उघडला.

"वहिनी आमच्यातच आहे, बाई." हेडक्लार्क मागे येऊन उभे होते. "सहा लिहून टाका."

"पण साहेब, हा स्टोव्ह..."

"चहापुरता आहे. तिलाच विचारा की. समोरचा सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या मनचं नाही. शिकवलंय ना मी?"

शिकवले होते, आणि नियम खराच होता. मागच्या खोलीला क्रमांक पडला की पुढेमागे ते वहिनीचे स्वतंत्र घर ठरते, हेही घरपट्टी विभागात काढलेल्या वर्षांनी हेडक्लार्कांना शिकवले होते.

बाईंनी विचारले. त्या स्त्रीने दिराकडे पाहिले. "भावजी म्हणतात तसंच."

"त्यांचं नको. तुमचं सांगा."

"एकत्रच जेवतो आम्ही."

बाईंनी सहा लिहिले.

गुरुवारी दुपारी, घरातली माणसे बाहेर असताना, त्या पुन्हा गेल्या. "यादी उद्या बंद होईल. तुम्ही खरं सांगा, मी आज दुरुस्त करते."

"तुम्ही नंबर टाकून घरी जाल, बाई. राहायचं मला इथे आहे. आत्ता उरलंसुरलं का होईना, पाणी मिळतं."

बाई तडक वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिचा जबाब काय आहे?" जबाब बाईंच्याच अक्षरात होता. शुक्रवारी पाच वाजता याद्या मोहोरबंद झाल्या. एकही दुरुस्ती नसलेला प्रभाग म्हणून बैठकीत हेडक्लार्कांचे कौतुक झाले.

मोजमापात चुका होतातच. काही वरच्या बाजूला पडतात, काही खालच्या. पुष्कळ मोजले की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. ही चूक त्या जातीची नव्हे. ती घरोघरी एकाच बाजूला झुकते, म्हणून जितकी घरे मोजावीत तितकी ती वाढते, आणि तक्त्यात मात्र दिसत नाही. अशा मागच्या खोल्या किती, हे बाईंना कोणी विचारले तर त्यांच्यापाशी एकाच खोलीचे उत्तर आहे, आणि तेही कागदावर खोटे.

प्रगणक तुमच्याही दारी येईल. उत्तर तुम्हीच द्याल. कारण जिला विचारायला हवे, तिला तुम्ही पुढच्या दाराशी येऊच देत नाही.