तळाचा नमुना

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. तुम्ही मला डीपी म्हणता. आत्मवृत्त सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही म्हणतो. पण तुमच्यापैकी किती जणांनी माझ्यावर दगड मारून नेम धरायचा सराव केला आहे, ते मला ठाऊक आहे. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मुरबाडला जुन्या सामानाच्या आवारात गंजक्या खांबांशेजारी मी पडून आहे. माझे पोट फाटलेले आहे. ते कसे फाटले, तेवढे सांगायचे आहे.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी बसवली आणि वरून दीडशे लिटर तेल भरले. हे तेल म्हणजे माझा प्राण. ते तारांना थंड ठेवते आणि विजेला नको तिथे उडी मारू देत नाही. मात्र त्यात पाणी शिरले, की त्याची ताकद संपते.

१९९२ साली मी ट्रकमधून टोकावड्याला आलो आणि तिथून ट्रॅक्टरवर बसून सिद्धगडाच्या बाजूला बोरीच्या पाड्यावर पोहोचलो. दगडी चौथऱ्यावर मला बसवले. गोजाबाई नावाच्या बाईने मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. तिच्या घरात पहिला दिवा लागला, तेव्हा ती बाहेर येऊन माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. माणसे चांगली असतात, असे मला वाटले. मी तेव्हा नवा होतो.

पुढची काही वर्षे बरी गेली. भातगिरणी चालली, पंप चालले. दर मे महिन्यात रत्नदीप वायरमन मुरबाडहून एस्टीने यायचा. पावसाआधी माझे तेल तपासायचे, हे त्याचे काम. तो आधी वीज बंद करायचा, मग माझ्या बुडाशी असलेला नळ फडक्याने पुसायचा, थोडे तेल वाहू द्यायचा आणि मग कोरडी बाटली भरायचा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते. म्हणून नमुना तळाचाच घ्यायचा. मुरबाडला ते तेल एका पेल्यात ओतत. पेल्यात पितळेचे दोन गोळे, त्यांच्यात बोटाच्या पेराहूनही कमी फट. विजेचा दाब वाढवत न्यायचा आणि ठिणगी कितीवर उडते ते पाहायचे. तीस हजार व्होल्टच्या पुढे उडाली तर तेल चांगले. माझी चाळिशीच्या अलीकडे कधी उडाली नाही.

पाड्याला मात्र रत्नदीप कधीच आवडला नाही. लोडशेडिंग सुरू झाल्यावर तर तो दिसला की शिव्या. वीज कुठून जाते हे कुणाला ठाऊक नव्हते, पण येणारा माणूस हाच होता. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. तो आपली बाटली घेऊन यायचा आणि माझ्या सावलीत बसून भाकरी खायचा.

मग गोजाबाईचे गुडघे दुखू लागले. डीपीचे तेल चोळले की गुडघा सुटतो, असे तिला बाजारात कुणीतरी सांगितले. तिचा मुलगा सुदाम माझ्या तळाच्या नळातून बाटलीभर तेल घेऊन गेला. माझे तेल गरम होते, म्हातारीला बरे वाटले. झाले! पाड्यात जेवढे गुडघे तेवढ्या बाटल्या. कंबर धरलेली आली, मान आखडलेली आली. कुणी मला विचारले नाही. हळदकुंकू लावणाऱ्या हातांनीच माझा प्राण उपसला.

दोन वर्षांत माझ्या माथ्यावरच्या टाकीतले तेल खाली गेले. टाकीला काचेची नळी असते, तिच्यात तेल किती आहे ते दिसते. २००१ चा मे महिना जवळ आला आणि सुदामला घाम फुटला. रत्नदीप येणार, काच बघणार, चोरी कळणार.

सुदाम टोकावड्याच्या ढाब्यांना दूध घालायचा. दूध कमी पडले की काय करायचे, हे त्याला कुणी शिकवायला नको होते. झाडे तोडण्यासाठी दिवसभर वीज बंद ठेवली होती, त्या दुपारी तो कळशी घेऊन माझ्यावर चढला. त्याची बायको ठकी खाली उभी होती.

“अवो, तेलात पानी?” ती म्हणाली. “फोडणीत थेंब पडला तरी कढई अंगावर येतं.”

“गप गो. दुधाला चालतंय, याला काय व्हतंय?”

त्याने माथ्यावरचे झाकण उघडले आणि कळशी ओतली. काचेत पातळी बरोबर खुणेला आली. पाणी गुपचूप माझ्या तळाशी उतरले. वीज परत आली तेव्हा मी कसाबसा तग धरला; पण पाऊस झेपणार नाही, हे मला त्याच दिवशी कळले. आता मला एकच माणूस वाचवू शकत होता.

आठ दिवसांनी तो आला. वीज बंद करून रत्नदीप नळापाशी वाकला आणि सुदाम धावत आला.

“नळाला हात लावू नको! दरसाल बाटल्या भरून नेतंस. आमचा तेल इकतंस तू!”

“सुदाम, अर्धा लिटर तेल इकून मी बंगला बांधनार काय? सरक.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बघता बघता पाडा जमला. गोजाबाई काठी टेकत आली. “लाइट द्यायला येत नाय, तेल न्यायला बरा येतो!” कुणीतरी रत्नदीपला ढकलले. बाटली चौथऱ्यावर पडून फुटली.

“न्यायचाच तर वरून ने, समद्यांच्या देखत,” सुदाम म्हणाला. “तळाला हात नाय लावायचा.”

रत्नदीपकडे दुसरी बाटली होती. त्याने ती बाहेर काढली. मी मनात ओरडत होतो, वाक, बाबा, वाक! पण तो रागारागाने वर चढला. “घ्या, वरून तर वरून,” तो म्हणाला. वरचे तेल स्वच्छच होते. त्याने बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर दरवर्षीप्रमाणे ‘तळाचा नमुना’ असे लिहून सही केली. ही चूक त्याची. मी ती लपवणार नाही.

ठिणगी बेचाळीसवर उडाली. तेल उत्तम, असा कागद झाला.

जुलैत पाऊस आठ दिवस हटला नाही. ओल्या हवेने तेल आणखी नासले, पोटातले पाणी तारांपर्यंत पोहोचले आणि फ्यूज गेला. सुदामनेच टोकावड्याहून फोन केला. रत्नदीप भिजत आला, त्याने फ्यूज घातला, स्विच वर ढकलला. मी फुटलो. उकळते तेल त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर पडले. मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मी कुणाला चटकासुद्धा दिला नव्हता. आणि दिला तो माझ्या सावलीत भाकरी खाणाऱ्या माणसाला. दुधाचे कॅन उतरवून सुदामने त्याला मोटरसायकलवर मुरबाडला नेले.

महिन्याने चौकशीला साहेब आले. तोवर मला ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते. त्यांनी माझा तळाचा नळ उघडला. आधी पाणीच आले, चांगले तांब्याभर.

“हे पाणी आलं कुठून?”

सगळा पाडा जमला होता. गोजाबाई सर्वांत पुढे होती. तिच्या गुडघ्यांना माझ्याच तेलाचा वास येत होता.

“आमाला काय म्हाईत, साहेब?” ती म्हणाली. “बाटल्या तोच न्यायचा.”

ठकीने तोंड उघडले. सुदामने तिच्याकडे पाहिले. तिने पदर ओढून घेतला आणि ती घरात गेली. साहेबांनी कागदावरची रत्नदीपची सही बघितली, ‘तळाचा नमुना’ हे शब्द दोनदा वाचले आणि फाईल मिटली. मला तोंड असते, तर त्या दिवशी मी एकेका गुडघ्याचे नाव घेतले असते.

रत्नदीप वर्षभर निलंबित होता. त्याच्या उजव्या हाताची मूठ आता वळत नाही. खांबावर चढणे संपले, म्हणून त्याला मुरबाडला तेल तपासायच्या टेबलावर बसवले. ती खोली माझ्यासमोरच आहे. मे महिन्यात तालुक्यातून बाटल्या येतात, तो डाव्या हाताने पेला धुतो, पुसतो, तेल ओततो.

२००६ च्या मे महिन्यात दीपेश नावाच्या नव्या वायरमनने एक बाटली आणली. चिठ्ठीवर लिहिले होते, बोरीचा पाडा. माझ्या जागी तिथे नवा डीपी बसवला होता, त्याचे हे तेल. रत्नदीपने बाटली हातात घेऊन चिठ्ठी वाचली. मग पेला भरला. ठिणगी अकरावर उडाली. त्याने पेला पुन्हा धुतला, पुन्हा तपासले. पुन्हा अकरा. त्या माणसांनी पुन्हा तेच केले होते.

“खालून घेतलास?” त्याने विचारले.

“हो भाऊ. भांडून घेतला. लई शिव्या खाल्ल्या.”

मी मनातल्या मनात म्हणत होतो, लिही, ‘उत्तम’ लिही. फुटू दे. त्यांच्या दारात फुटू दे, म्हणजे कळेल. मी त्याच्या जागी असतो तर तेच लिहिले असते, खोटे कशाला सांगू?

त्याने डाव्या हाताने, एकेक अक्षर काढत लिहिले : तेलात पाणी. डीपी आजच बंद करावा.

पाडा पाच दिवस अंधारात होता. सहाव्या दिवशी दीपेश हसत आला. “भाऊ, बंद करायला तुमीच सांगितलंत, ते त्यांना कळलंय. ती गोजा म्हातारी दारात बसून तुमाला शिव्या देतंय.”

“देऊ दे,” रत्नदीप म्हणाला. “शिव्या देयाला जित्ती तरी हाय.” आणि त्याने पुढची बाटली घेतली.

मित्रांनो, मी तुमच्यावर अजून रागावलेला आहे आणि तसाच भंगारात जाईन. पण या मे महिन्यात तुमच्या डीपीखाली कुणी बाटली घेऊन वाकलेला दिसला, तर बाजूला व्हा. त्याला पाणी विचारा, आणि तेल तळाचे घेऊ द्या.