सातचा आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे आणि या घरात पांढरा रंग छापता येणारा मी एकटाच. ही फुशारकी नव्हे. इतर प्रिंटर पांढरा म्हणजे कोरा कागद समजतात आणि तेवढी जागा सोडून पुढे जातात. माझ्या पोटात मात्र शाईऐवजी रंगीत रिबनी बसतात आणि त्यांतली एक पांढरी असते.

ताईंनी मला नवाकोरा असताना विकत आणले. हौशी लोकांच्या वीतभर लांबीच्या आगगाड्यांसाठी त्या अक्षरे बनवत. त्या गाड्यांना खेळणी म्हटलेले त्या लोकांना मुळीच खपत नाही. मी खास कागदावर नावे आणि आकडे छापायचो. ताई तो तुकडा पाण्यात भिजवत, अक्षरांची पातळ साय चिमट्याने उचलत आणि डब्यावर बसवत. "या प्रिंटरला कुणी हात लावायचा नाही," असे त्या घरातल्यांना बजावत. तेव्हा माझा भाव वधारलेला होता. मग कारखान्याने माझ्या रिबनी बनवणेच बंद केले. गरज सरो, वैद्य मरो. जुन्या उशीचा अभ्रा पांघरून मी कपाटावर जाऊन बसलो. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

पांढरी रिबन एकच उरली होती. ती ताईंनी आपल्या बाबांसाठी राखून ठेवली होती. बाबांनी उभा जन्म मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवण्यात घालवला. त्यांचे डबे कधीच भंगारात गेले. आता त्यांची नजरही चालली होती. एक डोळा गेलाच होता आणि दुसरा फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याआधी बाबांना त्यांचा एक तरी डबा दाखवायचा, असे ताईंच्या मनाने घेतले.

बाबांनी रंगवलेल्या एका डब्याचा जुना फोटो घरात होता. त्यावरून त्यांनी छोटा तपकिरी डबा बनवला आणि मला खाली उतरवले. डब्याचा नंबर होता ४१७, इंग्रजी आकड्यांत. फोटोतल्या सातचा पाय आखूड होता. बाबांचा हात चुकला असेल, असे समजून ताईंनी तो लांब केला आणि हात न राखता दोन प्रती छापल्या. चार आणि एक नीट बसले, पण सात डब्यावर बसेना. पायाचे टोक दाराच्या बिजागरीवर चढून उचलले जाई. दुसऱ्या प्रतीचेही तेच झाले.

बाबांनी भिंग लावून पाहिले.

"हा पाय कुणी लांबवला?"

"मीच. फोटोत चुकल्यासारखा दिसत होता."

"चुकतो कशाला? खाली बिजागरी आहे. तिच्यावर रंग टिकत नाही, म्हणून मी पाय आखूड ठेवायचो. मला विचारायचं तरी, पोरी."

ताईंचा चेहरा उतरला. "रिबन संपत आलीय, बाबा."

त्यांनी आखूड पायाचा एकच सात मला दिला. तपकिरीवर पांढरा उठून दिसायला दोन हात लागतात. पहिला हात मी नीट दिला. दुसऱ्या हाताला सातच्या डोक्यापाशीच रिबन संपली. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण तेव्हा मला लाज वाटली.

तो सात डब्यावर मात्र अगदी सपाट बसला. फक्त त्याचा पाय फिका होता.

"पाय फिका पडलाय, बाबा," ताई हळूच म्हणाल्या.

बाबांनी नखाने बिजागरी चाचपली आणि भिंग बराच वेळ सातवर धरले.

"फिकाच असायचा तो. दार उघडलं की घासायचं ना त्याला. माझाच डबा आहे हा."

हे खरे होते की त्यांनी लेकीचे मन राखले, मला ठाऊक नाही. फोटो डबा नुकताच रंगवलेला असतानाचा होता, त्यामुळे पडताळून पाहायची सोय नव्हती. ताईंनीही पडताळले नाही. त्यांनी डबा बाबांच्या हातात दिला आणि डोळे पुसले.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. रिबन नाही, म्हणजे काम नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून झटकलीत तर बरे वाटेल, पण त्याची घाई नाही. एखाद्या जुन्या कामातले वाकडे सरळ करण्याआधी मात्र ते करणाऱ्याला विचारा, आणि तो सांगू शकतो आहे तोवर विचारा. बाबा आता डबा मांडीवर घेऊन बसतात. सात त्यांना दिसत नाही. ते बिजागरी शोधतात आणि तिच्या जरा वर बोट टेकवतात.