बारा मशिनं, एक रविवार

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी ही बातमी चहा पिता पिता सांगितली, जणू एखादं कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवायचं होतं.

"सिस्टर, तुमचा डायलिसिस विभाग नव्या इमारतीत हलवायचाय. सहा आठवड्यांत जुनी इमारत रिकामी करून द्यायचीय. एखाद्या रविवारी उरकून टाका. बारा मशिनं इथून उचलायची, तिकडे ठेवायची. त्यात काय एवढं?"

"हो सर," सिस्टर म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

चौदा वर्षं ती त्या विभागाची प्रमुख होती. अठ्ठेचाळीस पेशंट होते आणि सगळ्यांच्या किडन्या निकामी. प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. सोमवार ते शनिवार रोज दोन पाळ्या चालत. सुट्टी फक्त रविवारी. कुणाची नस कुठे सापडते, कुणाला थंडी वाजते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण अख्खा विभाग हलवायचा? तिने आजवर घरसुद्धा बदललं नव्हतं.

त्या आठवड्यात तिने वहीत यादी केली. सत्तर कामं निघाली. शुक्रवारी ती वाचताना तिचा चेहरा असा काही पडला, की खिडकीजवळच्या खुर्चीवरून हाक आली, "अगं, कुणाचा निकाल लागलाय एवढा वाईट?"

हाक मारणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या शाळेचं वेळापत्रक बसवलं होतं. डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा आणि चार तास रिकामे, त्यामुळे विभागातल्या प्रत्येक गोष्टीत त्यांचं नाक असायचं. सिस्टरने वही पुढे केली.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "ही नुसती यादी झाली. यादीने काम होत नाही, फक्त धाप लागते. कागदाचे तुकडे कर बघू. एका तुकड्यावर एक काम. त्याखाली तीन गोष्टी लिही: किती वेळ लागेल, करणार कोण आणि त्याआधी काय पुरं व्हायला हवं."

"करणार कोण म्हणजे, सगळे मिळूनच..."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. एक माणूस लिही. आणि सुरुवातीपासून लावू नकोस. शेवटचा तुकडा कोणता?"

सिस्टरने विचार केला. "सोमवारी सकाळी सहा. पहिला पेशंट नव्या खोलीत मशीनला जोडला जातोय."

"तो इथे ठेव." बाईंनी जेवणाच्या ट्रेची टोकाची कड दाखवली. "आता एकेक पाऊल मागे ये."

अशी ती मागे मागे यायला लागली. वॉर्डात ट्रेवर आणि घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर. तिचा नवरा डब्यांच्या फळीपर्यंत चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघून म्हणाला, "आपल्या लग्नाला तू याच्या निम्मीसुद्धा तयारी केली नव्हतीस."

"म्हणून तर तुमचा मामा भलत्याच हॉलवर जाऊन जेवून आला," ती म्हणाली आणि पुढची चिठ्ठी लावली.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते मशिनं सांभाळणाऱ्या टेक्निशियनशी बोलताना कळलं. त्याला सगळे स्पॅनर म्हणायचे, कारण त्याच्या खिशात पेनाऐवजी नट आवळायचा पानाच असायचा.

"मशीन हलवायला पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "जोडून तपासायला दोन तास. ते काही नाही हो, सिस्टर. पण पाणी?"

डायलिसिसला साधं पाणी चालत नाही. ते एका मोठ्या प्लांटमधून गाळून, शुद्ध होऊन मशीनला येतं. साहेबांकडून मागाहून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की जुना प्लांटच त्या रविवारी उचलून नेऊन बसवावा.

"आणि बसवल्यावर पाण्याची जंतूंची तपासणी?" सिस्टरने विचारलं.

"करावीच लागते. रिपोर्टला सात दिवस."

सिस्टरने नवी चिठ्ठी लिहिली: पाण्याची तपासणी, सात दिवस. सत्तर कामांत मशिनं उचलण्याची गडबड तिला सगळ्यांत मोठी वाटत होती. प्रत्यक्षात सगळा खेळ या एका चिठ्ठीवर होता. बाकीची कामं दोन दिवस पुढे-मागे झाली तरी चालणार होतं. ही चिठ्ठी अडली, तर सोमवार अडला.

ती थेट साहेबांकडे गेली आणि त्यांच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडू लागली. साहेब आधी हसले, मग वैतागले.

"एक आठवडा पेशंट दुसरीकडे पाठवू."

"अठ्ठेचाळीस जण, सर? आसपास कुठे चार जागासुद्धा रिकाम्या नाहीत, मी फोन करून विचारलंय. आणि आठवडाभर थांबवलं तर छातीत पाणी भरून यातले काही दगावतील."

साहेब चिठ्ठ्यांवर वाकले. "मग तुमचं म्हणणं काय?"

"पुढच्या वर्षासाठी नवा प्लांट मंजूर आहे. तो आत्ता मागवा. दोन आठवड्यांत आला, तर बसवून, तपासून रिपोर्ट चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला हातात येतो. मशिनं सहाव्या रविवारी हलवू."

साहेबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मध्ये जवळजवळ तीन आठवडे मोकळे! मग चौथ्याच रविवारी उरकू की."

"ते मोकळे नाहीत, सर. ते राखीव आहेत."

"कशासाठी?"

"ते मला अजून माहीत नाही. म्हणूनच राखीव."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि फोन उचलला.

प्लांट चार दिवस उशिरा आला. सिस्टरने भिंतीवरच्या चिठ्ठ्या चार दिवस पुढे सरकवल्या आणि निवांत भाजी निवडायला बसली. नवरा चाट पडला.

त्याच दरम्यान एका बुधवारी तिने रंगीत तालीम घेतली. जास्तीचं एक जुनं मशीन खरोखर नव्या इमारतीत नेऊन पाहिलं. पंधरा मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली! नव्या दारात बोटभर उंचीची लोखंडी पट्टी होती. मशीन तिथे उचलून घ्यावं लागलं. सुताराने दुसऱ्या दिवशी त्यावर लाकडी उतार बसवला. शिवाय स्पॅनर एकटा सगळीकडे पुरणार नाही, हेही त्या दिवशीच दिसलं. मग दोन तुकड्या ठरल्या: एक सोडवणारी, एक जोडणारी.

आणि मग पाण्याचा पहिला रिपोर्ट आला. पाण्यात जंतू होते.

स्पॅनरचा चेहरा पांढरा पडला. खुर्चीवरच्या बाई मात्र म्हणाल्या, "अगं, याचसाठी दिवस राखले होतेस ना? मग खर्च कर की आता!"

स्पॅनरने अख्खी पाइपलाइन हाताने चाचपडत तपासली. तिसऱ्या दिवशी त्याला कोपऱ्यात एक बंद टोकाचा फाटा सापडला. कुणीतरी पुढच्यासाठी म्हणून ठेवला होता, आणि पाणी त्यात साचून राहत होतं. तो कापला, सगळी लाइन धुतली. दुसरा नमुना गेला तो पाचव्या आठवड्याच्या शनिवारी. रिपोर्ट येणार सहाव्या शनिवारी. म्हणजे बरोबर आदल्या दिवशी. राखीव दिवस संपले होते.

सिस्टरने मोठ्या कागदावर लिहून दारावर लावलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत चांगला रिपोर्ट आला नाही, तर एकही मशीन हलणार नाही. खाली तिने साहेबांची सही घेतली. ऐन वेळी कुणी "बघू, होईल काहीतरी" म्हणायला नको.

शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी स्पॅनर धावत आला. त्याने नुसता कागद पुढे धरला.

पाणी स्वच्छ होतं.

रविवारी सकाळी सहाला पहिलं मशीन सुटलं. कोण कुठे उभं राहणार, कोणती नळी कुणी काढायची, सगळं ठरलेलं. कुणी कुणाला ओरडलं नाही. सुताराच्या उतारावरून मशिनं अशी घरंगळत गेली, की वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, मी वर बसू का?" साहेब दहाला चक्कर टाकायला आले, दोन मिनिटं बघत राहिले, मग बाह्या वर करून म्हणाले, "मला कोणती चिठ्ठी?" सिस्टरने त्यांना उशा दिल्या. साहेबांनी बारा खुर्च्यांवर बारा उशा मांडल्या आणि एक वाकडी होती ती परत येऊन सरळ केली.

दुपारी सातवं मशीन सुरूच होईना. स्पॅनरने कपाळाला हात लावला नाही. तालमीतलं जास्तीचं मशीन तपासून तयारच होतं, ते लावलं. साडेचारला बाराही मशिनं एका सुरात चालू होती.

सोमवारी पावणेसहाला बाई नव्या दारातून आत आल्या, सगळीकडे नजर फिरवून खुर्चीत बसल्या. सिस्टरने सुई टोचली, मशीन सुरू केलं, नळीतून लाल रेघ सरकत गेली.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"सहा... बरोबर सहाच वाजलेत, बाई."

"शाब्बास!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की बाकीच्या अकरा खुर्च्यांवर सुईची वाट बघत बसलेले लोकही टाळ्या वाजवायला लागले.

मंगळवारी संध्याकाळी दुसरी पाळी संपली, तेव्हा अठ्ठेचाळीसही जण नव्या खोलीत एकेकदा बसून घरी गेले होते. कुणाचीही पाळी चुकली नव्हती. सिस्टरने पर्स उचलली आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. शेजारी एक अनोळखी बाई पिशवी घेऊन उभी होती. सिस्टरला राहवेना.

"अठ्ठेचाळीस!" ती म्हणाली. "एकही चुकला नाही!"

त्या बाईला काही कळलं नाही. पण सिस्टरचा चेहरा बघून तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरून म्हणाली, "अगं बाई! अभिनंदन हो!"