तरंगणे विसरलेले लाइफ जॅकेट

मित्रांनो, मी एक जुने लाइफ जॅकेट आहे. पाण्यात पडलेल्या माणसाला वर धरून ठेवायचे, एवढे एकच काम मला जन्मभरासाठी नेमून दिले होते. ते काम एका दुपारी मला जमले नाही. आज मी एका शेडच्या मागे, फुटक्या वल्ह्यांच्या ढिगावर पडून आहे. माझ्याने आता काही होण्यासारखे नाही. पण तुम्हाला माझी हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबले, डोक्यावर घरघरणारे पंखे आणि ओळीने बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाया. माझ्या वाट्याला आलेल्या बाईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तिने फोमच्या तीन जाड पाट्या भडक केशरी कापडात घातल्या, दोन छातीसाठी आणि एक पाठीसाठी. मग तिने पट्टे शिवले. प्रत्येक पट्टा शिवून झाला की ती त्याला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघायची. शेजारीण तिला हसायची, तुझे एक होईस्तोवर माझी दोन होतात म्हणायची. ती मान वर न करता सांगायची, की याच्या भरवशावर कोणाची तरी आई पाण्यात उतरणार आहे. शेवटी तिने माझ्या खिशात एक पिवळी शिट्टी अडकवली आणि मला खोक्यात ठेवले.

खोके उघडले ते समुद्रकिनाऱ्यावर. दूरदूरच्या देशांतून आलेल्या प्रवाशांना इथे पाण्यावरचे खेळ खेळायला मिळत. कोणी पाण्यावरची स्कूटर पळवी, कोणी बोटीला दोर बांधून छत्रीसह आकाशात जाई, कोणी वल्ही मारत कयाक नावाची लांबट होडी चालवी. या सगळ्यांची जॅकेटे लाकडी शेडमध्ये खुंट्यांवर टांगलेली असत. आमची देखभाल एक उतारवयाचा माणूस करी. त्याला सगळे 'पाणबुड्या' म्हणत. तो संध्याकाळी आम्हाला एकेक करून गोड्या पाण्यात खळबळवायचा, सावलीत वाळवायचा आणि आमच्यावर कोणी बसलेले दिसले की त्याच्या अंगावर जायचा. मोसम सुरू होण्याआधी तो स्वतः एकेक जॅकेट घालून खोल पाण्यात उडी मारायचा. आपली हनुवटी पाण्याच्या वर राहते ना, हे बघायचा.

मित्रांनो, ती वर्षे माझ्या सुखाची होती. पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्या माणसाचे काळीज कसे धडधडते, हे मला ठाऊक आहे. ते अगदी माझ्या पाटीवर येऊन आपटायचे. एकदा एक धिप्पाड गृहस्थ पाण्यात पडले. वर आल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी असे कवटाळले, की किनाऱ्यावर त्यांची बायको म्हणाली, एवढे प्रेम माझ्यावर कधी दाखवले नाही. सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. मला वाटायचे, आपले असेच चालायचे.

पण पाणबुड्याचे गुडघे गेले. त्याची मुलगी येऊन त्याला आपल्या घरी घेऊन गेली. त्याच्या जागी जो आला, त्याच्या डोळ्यांवर सदानकदा काळा गॉगल असे. हा गॉगलवाला काही दुष्ट नव्हता. बोट तोच चालवी, इंजिनही तोच दुरुस्त करी, प्रवाशांची नावनिशीही तोच लिही. त्याला दम खायला फुरसत नव्हती, मग आमच्याकडे कोण बघणार? आम्ही ओलेच्या ओले ढिगाने पडू लागलो. दुपारभर उन्हात करपू लागलो. मला कोणी उशी केले, कोणी बोटीत बसायला आसन केले. वर्षभर तर एका पेट्रोलच्या कॅनखाली मी टेकण म्हणून होतो. माझ्या जाड पाट्या चेपून चेपून पातळ झाल्या. शिट्टी तुटून गेली. एका बकलाचा दात मोडला, तेव्हा गॉगलवाल्याने तिथे बुटाची नाडी बांधली.

एके दिवशी एका तरुणीला घेऊन मी पाण्यात पडलो आणि माझ्या लक्षात आले, की तिची हनुवटी पाण्यात आहे. ती पोहणारी होती, हसत बाहेर निघाली. मी मात्र त्या दिवसापासून धास्तावलो. सकाळी शेडचे दार उघडले, की मी मनोमन विनवायचो, आज मला घेऊ नका. पण मला तोंड कुठे होते? शेडमध्ये सगळ्यांत मोठ्या मापाचा मीच होतो. त्यामुळे सारखी माझीच मागणी.

आणि मग त्या दोघी आल्या.

दोघी नणंद-भावजय होत्या. वहिनी साठीला टेकलेल्या, अंगाने भारी. पस्तीस वर्षे ग्रंथालयात पुस्तके देऊन-घेऊन नुकत्याच निवृत्त झालेल्या. नणंद त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, काटकुळी, शाळांचे गणवेश शिवणारी. वहिनी त्यांना 'वन्सं' म्हणत. दोघींचे फारसे सख्य नव्हते. लग्नकार्यात भेटायचे, कशा आहात विचारायचे आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसायचे, असा तीस वर्षांचा मामला. वहिनींच्या लेकीने आईसाठी ही परदेशाची सहल ठरवली होती. तिलाच ऐनवेळी रजा मिळाली नाही, म्हणून तिच्या जागी आत्या आली. हे सगळे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळले, कारण माझे पट्टे बांधताना त्या दोघींचे तोंड चालूच होते.

वहिनींना कयाक चालवायची फार हौस. जन्मभर दुसऱ्यांना प्रवासवर्णने काढून दिली, आता एकदा स्वतः वल्हे मारणार, असे त्या म्हणत होत्या. वन्संचा जीव खालीवर होत होता. आयुष्यात पहिल्यांदाच गुडघ्यापर्यंतची पँट घातल्याने त्या आधीच अवघडल्या होत्या. वन्संना नवेकोरे जॅकेट मिळाले. वहिनींना कोणतेच पुरेना, म्हणून मी मिळालो. त्यांच्या सहलीची व्यवस्थापिका इतरांना घेऊन बाजारात गेली होती. गॉगलवाल्याने खुणेनेच दोघींना वल्ही कशी धरायची ते दाखवले, होडी ढकलून दिली आणि तो बसमधून उतरलेल्या मोठ्या घोळक्याकडे धावला. या दोघी कधी गेल्या, हे त्याने वहीत लिहिले नाही.

पहिला अर्धा तास मजेत गेला. वहिनी वल्हे मारत होत्या आणि वन्सं मागे बसून सूचना करत होत्या. मग जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटला. त्या दोघींना आधी बरेच वाटले. होडी किती हलकी चालते आहे, असे वहिनी म्हणाल्या. परत फिरायला म्हणून त्यांनी मान वळवली तेव्हा शेड काड्यापेटीएवढी दिसत होती. त्यांनी जीव खाऊन वल्ही मारली. काड्यापेटी आणखी बारीक झाली. तेवढ्यात लाट आडवी आली, वहिनी एका अंगाला कलल्या आणि होडी पालथी झाली.

होडी रिकामी आणि हलकी. वाऱ्याने ती त्यांच्या हातून सुटून पळाली. दोघी पाण्यात राहिल्या.

मित्रांनो, माझी खरी वेळ आली होती ती हीच. मी होते नव्हते तेवढे सगळे बळ लावले. पण माझ्या चेपलेल्या पाट्या फुगेनात. शिवाय मी आत पाणी पिऊ लागलो. वहिनींची हनुवटी पाण्याला टेकली. थोड्या वेळाने ओठ टेकले. प्रत्येक लाटेला त्या तोंड वर करून श्वास घेत आणि पुढच्या लाटेला ठसकत. त्यांचे काळीज माझ्या पाटीवर ठोके घालत होते आणि मी त्याला उत्तर देऊ शकत नव्हतो. बुटाची नाडी भिजून सुटली. मी वर सरकून त्यांच्या कानांशी आलो आणि त्या माझ्यातून खाली निसटू लागल्या. मी माझ्या माणसाला वर धरायचे ते सोडून त्याचे तोंड झाकत होतो. याहून वाईट एखाद्या लाइफ जॅकेटच्या नशिबी काय यावे?

वन्संना पोहता येत नव्हते. तरी त्या हातपाय मारत आल्या. त्यांनी मला धरून खाली ओढले, शिवणीवरून हात फिरवला आणि कामकरी बाईला काय ते क्षणात कळले. त्यांनी डोक्यावरच्या टोपीचा बंद दातांनी तोडला आणि माझे दोन पट्टे त्याने आवळून बांधले. तरी भागेना. तेव्हा त्या पाठीवर आडव्या झाल्या, दोन्ही पायांनी त्यांनी वहिनींना कमरेशी धरले आणि त्यांचे डोके आपल्या छातीवरच्या नव्या जॅकेटवर घेतले. एका जॅकेटवर दोन बाया. मी होतो नुसता मधे लोंबत.

असा किती वेळ गेला, कोणास ठाऊक. ऊन कलले. एक बोट दूरून गेली, तिने पाहिले नाही. वन्संच्या जॅकेटला शिट्टी होती. त्या फुंकत राहिल्या. ओठ फुटले, रक्त आले. वारा तो आवाज उचलून समुद्राकडेच नेत होता.

वहिनींचा आवाज खोल गेला होता. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही सोडा मला. दोघी जाण्यात काय अर्थ आहे?"

वन्संनी शिट्टी तोंडातून काढली. "तीस वर्षं तुमचं ऐकलं नाही, वहिनी. आता ऐकेन होय?" एवढे बोलून त्यांनी शिट्टी पुन्हा तोंडात धरली.

त्यानंतर वहिनी बोलल्या नाहीत. पाणी दोनदा त्यांच्या नाकातोंडावरून गेले. त्यांच्या काळजाचे ठोके मंद झाले, मग मधेच चुकू लागले. ते मोजणारा जगात मी एकटाच होतो. मी कोणाला हाक मारणार?

किनाऱ्याकडे परतणाऱ्या एका मासेमारी बोटीवर एक माणूस जाळे निवडत होता. ती बोट आमच्याहून पलीकडे, खोल समुद्राच्या अंगाला होती, म्हणून वाऱ्याने शिट्टी त्याच्या कानी घातली. त्याने सोबत्याला बोलावून दोघींना वर ओढले. वन्संचे पाय वहिनींच्या कमरेभोवती इतके घट्ट बसले होते, की दोघा माणसांना मिळून ते सोडवावे लागले. वहिनी निळ्या पडल्या होत्या. त्यांच्या छातीवर दाब देता यावा म्हणून मला तसेच ओरबाडून काढले आणि जाळ्यांवर फेकले. धक्क्यावर रुग्णालयाची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली.

मला वाटले, आता तरी सुटलो. पण मासेमाराने भलेपणाने मला शेडवर पोचते केले. गॉगलवाला मला हातात घेऊन बराच वेळ बसला. त्याने मला उन्हात टाकले. आणि दुसऱ्या दिवशी, मित्रांनो, त्याने मला नवी नाडी बांधली आणि पुन्हा खुंटीला लावले.

तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या. ओठ सुजलेले, डोळे खोल गेलेले. सोबत सहलीची व्यवस्थापिका होती. तिच्याकडून गॉगलवाल्याला कळले, की वहिनींच्या घशातली नळी आदल्या संध्याकाळी काढली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो होडी सापडली का, हा. त्या वाचतील, पण महिनाभर इथल्या रुग्णालयातच राहावे लागेल. हे ऐकून माझ्या फाटक्या अंगात जीव आला. गॉगलवाला व्यवस्थापिकेला सांगू लागला, की होडीत बसण्याआधी या दोघींनी सही केलेल्या कागदावर काय काय लिहिले होते. वन्संनी ते ऐकलेच नाही. त्या खुंट्यांकडे आल्या, त्यांनी मला ओळखले आणि खाली काढले. पिशवीतून त्यांनी हॉटेलात मागून घेतलेली कात्री काढली.

त्यांनी आधी माझे खांदे कापले, मग पट्टे, मग पाठीची पाटी उभी चिरली. सराईत हात. मला काही दुखले नाही. उलट पाणबुड्या गेल्यापासून एवढ्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. गॉगलवाल्याने त्यांना अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग वन्संनी माझ्या शेजारचे जॅकेट दाबून पाहिले. तेही माझ्यासारखेच चपटे. त्याच्या पलीकडचेही. त्यांनी त्याला कात्री लावली, तेव्हा मात्र गॉगलवाल्याने त्यांचे मनगट धरले. दाराशी प्रवाशांची रांग उभी होती. वन्सं रांगेकडे वळल्या आणि आपल्या भाषेत सांगू लागल्या, "हे दाबून बघा. घालायच्या आधी दाबून बघा हो." कोणालाच त्यांची भाषा कळेना. एकाने हसून त्यांचा फोटो काढला. व्यवस्थापिका गयावया करत होती, की रुग्णालयात भेटायची वेळ संपेल. वन्सं शेवटी गेल्या. जाताना त्या दाराशी रडल्या. एवढा वेळ पाण्यात होत्या तेव्हा रडल्या नव्हत्या.

मला या ढिगावर फेकले गेले. माझ्याकडून आता कोणाचाही घात होणार नाही, एवढे समाधान मला आहे. पण शेडची ही फळ्यांची भिंत पातळ आहे आणि माझे सोबती अजून आत खुंटीवर आहेत.

म्हणून मित्रांनो, मी तुमच्या पाया पडतो. परक्या गावी हौसेने पाण्यात उतराल, तेव्हा जरूर उतरा. पण आमच्यापैकी कोणालाही अंगावर चढवण्याआधी आम्हाला हातांनी दाबा, पट्ट्याला हिसका द्या, शिट्टी आहे का बघा. हसणारे हसू देत. आणि ज्यांच्या ताब्यात आम्ही आहोत, त्यांनी आम्ही थकलो की आम्हाला रजा द्यावी. आम्हाला आपणहून 'नाही' म्हणता येत नाही.

आत आत्ता कोणी बाई आपल्या माणसाला विचारते आहे, हे जरा सैल वाटतं का. तो म्हणतो आहे, काही होत नाही, चल. मी इकडून जिवाच्या आकांताने ओरडतो आहे. मित्रांनो, तुम्हाला तरी ऐकू येते आहे ना?