अभ्र्यातली पुस्तकं

"काल दोन फोटो बोलले, आज चार मागतात. नोकरी राहिली बाजूला, गो, माझाच झेरॉक्स निघायला आला!"

ही कुरकुर अगदी माझ्या कानाशी चालली होती. रोह्याच्या रोजगार मेळाव्यात आमच्या पुढच्या नंबरावर सरूताई होत्या, कोलाडजवळच्या गावातून लेकीला, निशिगंधाला, घेऊन आलेल्या. मला हसू आलं, पण हसायला सवड नव्हती. भर हॉलमध्ये छत्री उघडून मी भिंतीवरचा फलक झाकत होते. फलकावर लिहिलं होतं, 'घरगुती विद्युत उपकरणांची दुरुस्ती : सहा महिन्यांचं मोफत प्रशिक्षण'. आणि माझ्या मागे अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ मोरोपंत. पेणच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मते त्यांचा मुलगा शौनक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, गेली सहा वर्षं. अण्णांसमोर आळीचंही तेच मत. म्हणून तर आळीतल्या बायका बिघडलेला मिक्सर उशीच्या अभ्र्यात घालून आणतात आणि दारात अण्णा दिसले की म्हणतात, "शौनकला पुस्तक द्यायचं होतं." पेपरातून मान वर न काढता अण्णा म्हणतात, "ठेवा आत." दोन दिवसांनी पुस्तक गरगर फिरायला लागून परत जातं.

रोजगार केंद्राच्या वेबसाइटवर शौनकचं नाव मीच नोंदवलं होतं. फोनवर ओटीपी आला तेव्हा अण्णांनी विचारलं, "कसला हा, वृंदा?" मी म्हटलं, "गॅसचा." मग मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा 'मार्गदर्शन आहे' एवढंच सांगितलं. तसं ते खोटंही नव्हतं. पण "मार्गदर्शन? मग मीही येतो," म्हणत अण्णा पेणला आमच्याआधी गाडीत चढून खिडकीशी बसले.

"आत छत्री कशाला, बाई?" सरूताईंनी विचारलं.

"गळतंय."

त्यांनी कोरड्या छताकडे बघितलं. मग फलकाकडे. मग अण्णांकडे. शहाणी बाई. लेकीला म्हणाल्या, "सरक गो, हितं गळतंय."

मग अण्णांकडे वळून, "मास्तर, पोरगा काय करतो?"

"अभ्यास."

"अजून?"

इतक्या मायेनं विचारलं की शौनक बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पायात चपला होत्या.

आमचा नंबर आला. टेबल फलकाला लागूनच होतं, म्हणून छत्री मी तशीच धरून ठेवली. टेबलामागच्या आसावरी मॅडम थकल्या होत्या, पण गोड बोलत होत्या. "दोनच जागा उरल्यात. कामाचा अनुभव असेल त्याला आधी घेतोय. तुमचा अनुभव?"

शौनकनं वडलांकडे बघितलं. "नाही."

मी त्याला चिमटा काढला.

"मग पुढच्या तुकडीत बघू. जूनमध्ये."

"मे महिन्यात तीस पुरी होतात याला," मी म्हटलं.

"मग वयात नाही बसायचे हो." मॅडमचं पेन 'अनुभव' या रकान्यावर थांबलं. "थोडंफार काही? घरचं, शेजारपाजारचं?"

शौनकच्या बोटांच्या टोकांवर तारा जोडायच्या सोल्डरिंग गनचे जुने चटके आहेत. ती बोटं त्यानं मुठीत मिटून घेतली. "मी अभ्यास करतो," तो म्हणाला.

माझा हात भरून आला होता. छत्री खाली आली.

अण्णांनी फलक वाचला. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला, चुका शोधत असल्यासारखा. मी आता बोलणी खायच्या तयारीत उभी राहिले.

"लिहा, मॅडम," ते वर्गात शुद्धलेखन घालायच्या आवाजात म्हणाले. "अनुभव, सहा वर्षं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या. आळीतलं एकही पुस्तक दुसऱ्यांदा दुरुस्तीला आलेलं नाही."

"बाबा..."

"आणि गेली तीन वर्षं हा परीक्षेला बसलेलाच नाही. फॉर्मला म्हणून मी पैसे देतो, त्यांची हा तांब्याची तार आणतो."